नमुना उत्तर

सकाळी अकरा चाळीसला निता राठोडच्या टेबलावरचा, विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप सुरू झाला. हिंगोलीतल्या एका आयटीआयची ती शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा होती, आणि पास झाली तरच निताची पुण्याची नोकरी पक्की होणार होती. परीक्षेसाठी उद्धव सरांनी प्रत्येक यंत्राच्या पॉवर सप्लायमध्ये मुद्दाम जळका फ्यूज बसवला होता. निताच्या टेबलावर मात्र शिपायाने चुकून सहा वर्षांपासून बंद पडलेलं यंत्र आणून ठेवलं होतं.

"फ्यूज बराबर व्हता सर. आतला कपॅसिटर फुगला व्हता, मी बदलला," निता म्हणाली.

"नमुना उत्तरात फ्यूज आहे, बाई. मी मार्क कशाचे देऊ?"

 

निताचा निकाल अजून राखीव आहे, आणि सर नव्या बॅचला त्याच यंत्रावर शिकवत आहेत.