कावळ्याचं पान

भिंतीला टेकलेली सगळी लाकडं वनिताने तीन दिवसांत एकटीने कुंपणापाशी नेली. छपराला लागणारी पेरूची फांदी तोडली, मोरीच्या तोंडाला जाळी बसवली, परसातलं गवत उपटलं. तरीही आज सकाळी बाळाच्या अंथरुणाजवळ उंदराच्या लेंड्या सापडल्याच. उंदरांमागून साप येतो, या धास्तीने तिला झोप नव्हती.

दुपारी ती कंबर धरून मागच्या पायरीवर बसली होती. एरवी या वेळी ती शाळेत शिकवत असे; या कामासाठी तिने तीन दिवस रजा काढली होती. सासूबाई केळीच्या पानावर भात घेऊन आल्या, पायरीशेजारी पान ठेवून त्यांनी हात जोडले.

"आई, हे रोज ठेवता?"

"हे गेल्यापासून एक दिवस चुकवला नाही. कावळ्यासाठी गं."

"येतो कावळा?"

"दिवसा नाही दिसत. पण सकाळी पान अगदी स्वच्छ असतं."

वनिताने पानावरच्या भाताकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "आई, कावळे रात्री जेवत नाहीत."

सासूबाईंना समजायला थोडा वेळ लागला. "म्हणजे सहा महिने ह्यांना काहीच पोचलं नाही?"

त्या लेंड्यांबद्दल बोलायचं वनिताच्या ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं.

"उद्यापासून शाळेला निघताना मी पान कुंपणाच्या खांबावर ठेवीन. संध्याकाळी आठवणीने उचलीन."

"सकाळी आठला? ह्यांना बाराशिवाय भूक लागायची नाही."

"आता लागेल," वनिता म्हणाली. पायरीशेजारचं पान उचलून ती दुखऱ्या कंबरेने पुन्हा कुंपणाकडे निघाली.