कॉम्प्युटरमधला पहारेकरी

कपाशीवर फवारताना औषध लागलं आणि रवी दवाखान्यात राहून आला. तेव्हापासून दुपारभर तो कॉम्प्युटरवर गेम खेळत बसायचा. "आता ठणठणीत हावो. पोळा झाला का पुन्हा फवाराले जातो," असं त्यानं जयाला सांगून टाकलं होतं.

एक दिवस गेमनं नवीच अट घातली. लबाडी पकडणारा प्रोग्राम आता कॉम्प्युटरवर पहारा देणार होता. फायलींपासून माउसच्या हालचालीपर्यंत सारं पाहणार होता. मांडीवरच्या लेकीला थोपटता थोपटता जयानं त्याला अडवलं.

"त्यात पोरीचे फोटो हायेत. परक्याले घरात कायले घेता?"

"भेव चोराले असते, जया. आपल्याजवळ लपवाले काय हाये?" हसत हसत त्यानं परवानगी देऊन टाकली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याचं खातं बंद झालं. इंग्रजीतलं कारण जया त्याला मराठीत सांगू लागली, "तुमी लबाडी केली म्हणते. माउस माणूस नाही, मशीन चालवून राह्यली म्हणते..."

पुढची ओळ मात्र तिला मोठ्यानं वाचवेना.


'माणसाचा हात इतका थरथरत नाही.'