शनिवारचे साहेब

“यात बघा बरं. टिंब आणि कॉमा वेगळे दिसतायत का?” दुकानातल्या काकांनी मॉनिटरच्या पडद्याजवळ बोट नेलं, पण टेकवलं नाही. काचेवर ठसे उमटलेले त्यांना खपत नसत.

प्रोग्रॅमरनं खुर्ची पुढे ओढली. दुकानात गिऱ्हाइकाला खुर्ची द्यायची पद्धत नव्हती. ही काकांनी खास त्याच्यासाठी बिलाच्या टेबलामागून उचलून आणली होती. पेनड्राइव्हवर त्यानं स्वतःचं काम आणलं होतं. आजूबाजूच्या मॉनिटरवर रंगीत मासे पोहत होते, आणि मधल्या एकावर तेवढ्या त्याच्या कोडच्या ओळी.

“दिसतायत. पण हा फार रुंद आहे. ओळीचं टोक गाठायला मान वळवावी लागते.”

“मग मघाचा सत्तावीस इंची घ्या. त्यात कंस ठळक आहेत असं तुम्हीच म्हणालात.”

“कंस ठळक आहेत हो. पण काळ्यावर पांढरी अक्षरं जरा फुटतात.”

“फुटतात?” काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि सत्तावीस इंचीपाशी जाऊन नाक काचेला लागेल इतके वाकले. “हो की. कडेला लालसर दिसतंय खरं.”

प्रोग्रॅमरला हे फार आवडायचं. घरी तो एकटाच लिहीत बसे. बरोबर काम करणारी माणसं कुठकुठल्या गावची. कामापुरता निरोप टाकत आणि गप्प होत. त्यानं लिहिलेलं बिघडलं तरच कुणी ते उघडून बघे. शनिवारी दुकानात शिरताना आधी घसा खाकरावा लागे, कारण आठवडाभर आवाजाला कामच नसे. आणि इथे हा माणूस त्याच्या ओळी अक्षर न् अक्षर निरखून बघत होता. त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण बघत होता. मागे एकदा त्यांनी विचारलंही होतं, “एवढं सगळं लिहिलंत, पण हे करतं काय?”

“कुठलं पार्सल कुठल्या गाडीत चढवायचं ते ठरवतं.”

“म्हणजे तुमचा मॉनिटर तुमच्याच हुकमानं घरी येणार म्हणा की.”

दोघं बराच वेळ हसले होते.

“थांबा, हा उभा करून दाखवतो,” काका आता म्हणाले. “आडव्यापेक्षा उभ्यात जास्त ओळी मावतात म्हणे. लांब केबल आणतो.” ते मागच्या खोलीत गेले. खोली कसली, प्लायवूडचा आडोसाच तो. पलीकडून मॅनेजरबाईंचा आवाज आला. हळू बोलत होत्या, पण ऐकू येत होतं.

“आलेत ना शनिवारचे साहेब? काका, त्यांना घ्यायचं काही नाहीये. त्यांना वेळ घालवायचाय.”

“घेतील ते. चोखंदळ आहेत, इतकंच. डोळ्यांचं काम आहे त्यांचं.”

“आणि तुमचं काम विकायचं आहे. तुमच्या नावावर काय विक्री झाली ते मला वर सांगावं लागतं. आजवर सांभाळून घेतलं. या महिन्यात नाही जमायचं, वाईट वाटून घेऊ नका.”

काका केबल घेऊन बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा मघासारखाच होता. मॉनिटरच्या मागे वाकून ते केबल लावू लागले. ती उलटी लागली. काढून लावली, तर पुन्हा उलटीच.

प्रोग्रॅमरनं पडद्याकडे पाहिलं. अक्षरं चांगली होती. सगळ्याच मॉनिटरवर चांगली होती, पहिल्या शनिवारपासून.

“काका, राहू द्या. तो सत्तावीस इंची द्या.”

“अहो, हा उभा करून बघा तरी. त्यात अक्षरं फुटतात म्हणालात ना?”

“नाही फुटत. मीच उगाच काहीतरी खुसपट काढत होतो.”

काका केबल हातात धरून उभे राहिले. त्यांनी एकदा आडोशाकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

“ऐकू आलं वाटतं.”

“काय?” प्रोग्रॅमर म्हणाला.

काकांनी केबलचं वेटोळं करून खिशात घातलं आणि खोकं आणायला गेले.

बिल करायला मॅनेजरबाई स्वतः आल्या. “उत्तम निवड, सर,” म्हणाल्या, आणि खरोखरच मनापासून हसल्या. खोकं टॅक्सीपर्यंत न्यायला दुकानात हमाल होता, पण काकांनी ते स्वतःच उचललं. मागच्या सीटवर नीट टेकवलं. गचके बसू नयेत म्हणून त्याला पट्टाही लावला. प्रोग्रॅमर शेजारी बसला.

“खिडकीकडे पाठ करून बसू नका, पडदा चकाकतो,” काका दारात वाकून म्हणाले. “आणि अक्षरं जरा मोठी ठेवा. डोळे जपायला हवेत तुम्ही.”

“हो.”

दार लागलं. प्रोग्रॅमरनं काच खाली केली.

“काका, यात काही बिघडलं तर इथंच आणायचा ना?”

“इथंच की. मी असतोच.” काका घुटमळले. मालाबद्दल खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. “पण खरं सांगू का साहेब, हा फार चांगला निघतो. पाच-सहा वर्षं तरी याला काही होत नाही.”