आभाराचं भाषण

आमच्या व्हर्जिनियात मत चारचौघांत, मोठ्याने सांगायचं असतं. ज्याला ते मिळालं, त्याने उठून आभार मानायचे. त्या दिवशी निवडणुकीला उभे असलेले पेनरोझ आणि कर्नल व्हिटलॉक, दोघांना सारखीच मतं पडली आणि मत द्यायचा उरलो मी एकटा. इंग्लंडच्या राजाविरुद्ध पेनरोझ बोलायला लागला की आमचे नांगर थांबायचे. पण पंचक्रोशीत पिठाची गिरणी एकच, तीही कर्नलची.

"बोल एझ्रा," कर्नल म्हणाला. "मका कुठे दळतोस ते आठवून बोल."

मी पेनरोझकडे पाहिलं. "अरे, पाच पोरं आहेत तुला," तो हळूच म्हणाला. "कर्नलचंच नाव घे. मी रागावणार नाही."

मी खच्चून ओरडलो, "जोनास पेनरोझ!"

तो आभार मानायला उठला. राजाला न घाबरलेल्या त्या माणसाच्या तोंडून शब्दच फुटेना. तसाच खाली बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात घोडा थांबला. पेनरोझ स्वतः आला होता आणि खोगिरामागे त्याच्या घरचं दगडी जातं बांधलेलं होतं.

"काल बोलायचं राहून गेलं," तो म्हणाला.