मागचं दार

संकटात लागेल ते सगळं श्रीरंगने जीपच्या मागच्या दाराला आतून ठोकलं होतं: फावडं, दोरखंड, प्रथमोपचाराची पेटी, वर चहाची शेगडीसुद्धा. "आता दारालाच चाकं लाव, जीप घरी ठेवू," त्याची बायको विभा म्हणाली.

घाटात एक मोटारसायकलवाला घसरून पडलेला दिसला. पाय मोडला होता. श्रीरंग ऐटीत दार उघडायला धावला, पण वजनाने बिजागऱ्या वाकून ते अडकून बसलं होतं.

"सरक बाजूला!" विभाने दाराला लाथ घातली. अख्खं दार निखळून रस्त्यावर आपटलं. श्रीरंगचा चेहरा रडवेला झाला. विभाने मात्र येणाऱ्या-जाणाऱ्यांना थांबवलं, जखमीला त्याच दाराच्या बाहेरच्या सपाट बाजूवर निजवलं आणि सगळ्यांनी मिळून त्याला जीपमध्ये चढवलं.

"काका, स्ट्रेचर भारी आहे," तो कण्हत म्हणाला.

"मीच बनवलंय," श्रीरंगने लगेच सांगितलं.