दोन पंचशीला

"तुमच्यातली पंचशीला कोण?"

"मी," दोघी एकदमच म्हणाल्या.

बीडच्या शिक्षण कार्यालयात साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. समोर दोन फायली. नाव एक, गाव नांदूरघाट, डी.एड.चं गुणपत्रकही एकच. फोटो तेवढे वेगळे. कडक इस्त्रीची साडी नेसलेली बाई तीन वर्षं एका खासगी शाळेत या नावानं शिकवत होती. दुसरी, चार महिन्यांची बाळंतीण, परवा भरतीसाठी नाव नोंदवायला गेली, तेव्हा तिला कळलं की आपण केव्हाच नोकरीला लागलोय.

"ही वनमाला हाय, साहेब," बाळंतीण म्हणाली. "क्लासला आमी एका खोलीत राहायचो. माझं लग्न झालं, पेटी खोलीवरच राहिली. कागद त्याच्यात होते."

"वनमाला तीच आहे," इस्त्रीवाली शांतपणे म्हणाली. "दोन वर्षं एका ताटात जेवलो आम्ही. माझं सगळं पाठ आहे तिला. पोलिसांत द्या."

बाहेर व्हरांड्यात बाळ रडलं. बाळंतिणीच्या छातीत दूध दाटून आलं. ती जागची हलली नाही. आज हरली तर फसवणुकीचा गुन्हा तिच्यावरच, आणि नाव कायमचं त्या साडीवालीचं.

"भाईर माझी आई बसलीय. तिला इचारा."

"म्हातारीला पढवून आणलंय, साहेब."

साहेबांनी चष्मा लावून फाईल चाळली. जन्मतारीख, एक जून. त्यांची स्वतःचीही कागदावर तीच होती. त्यांनी दोघींपुढे एकेक कोरा कागद सरकवला.

"जन्म कधी झाला, लिहा. बोलायचं नाही."

इस्त्रीवालीनं झरझर लिहिलं, १ जून १९९३. दुसरीचं पेन जरा थांबलं. मग तिनं दोन ओळी लिहिल्या. साहेबांनी दोन्ही कागद घडी घालून हाताखाली धरले आणि शिपायाला हाक मारली.

सिंधुबाई नातवाला खांद्यावर थोपटत आत आली.

"मावशी, मुलगी कधी झाली तुमची?"

"तारीख कुठली म्हाईत, साहेब? किल्लारीचा भुकंप झाला न्हवं, त्याच्या पाचव्या दिशी. घरात शिरायचं भ्या वाटायचं, समदं गाव भाईर झोपायचं. लिंबाखाली झाली ही."

"मग एक जून?"

"ते मास्तरनं टाकलं, शाळेत नाव घालताना. आमच्या आळीतली निम्मी लेकरं एक जूनचीच हायत की!"

साहेबांनी दुसरीचा कागद उघडला आणि मोठ्यानं वाचला. "भूकंपानंतर पाचवा दिवस. लिंबाखाली, उघड्यावर."

इस्त्रीवालीचा चेहरा उतरला. पण त्यावर भीती नव्हती. कुणीतरी जिवाभावाचं आपल्याशी खोटं वागल्यासारखी ती शेजारी वळली.

"पंचशीले, मग दर एक जूनला मी केक आणायचे, तवा बोलली कावून न्हाईस गं?"

साहेबांनी कागदावरून मान वर केली.

"ओ," पंचशीलानं खणखणीत ओ दिली.