मागचं इंजिन

मालोजीनं डब्यात हात घालून सुंदराचं गाठोडं ओढलं आणि खाली फलाटावर आपटलं. आतली पाटी फुटली. आवाज सगळ्यांनी ऐकला.

"आता बघू कशी जाती," तो म्हणाला. "उतर खाली."

सुंदरा बायकांच्या डब्यात, दाराजवळच्या फळीवर बसली होती. पदर कपाळाखाली ओढलेला, नजर पायांवर. ती हलली नाही. तिला पोचवायला आलेली तिची सासू भागूबाई मात्र खाली उभ्याउभ्या हलली. ती पाटी तिच्या लेकाची होती. त्याच पाटीवर पोपटनं आपल्या बायकोला चुलीच्या उजेडात अक्षरं शिकवली होती. पोपट पटकीच्या साथीत गेला. अक्षरं राहिली.

"भावजी," ती दिराला म्हणाली, "पोर पुन्याला मास्तरनींच्या शाळंत, मास्तरीन व्हायला चाललीया. कुनाचं घर फोडून पळत नाय."

"रांडाव बाई, न् एकटी गाडीत! गाव शेन घालंल तोंडात."

"गावानंच तर धाडलीया. चावडीवर त्या शाळा तपासनाऱ्या दिपोटीसायबाला कोन बोललं? 'पंतोजी बापई हाय, आमी पोरी धाडनार नाय. बाई आना शिकवायला, मंग बघू.' तुमीच ना?"

मालोजीनं मिशीवरून हात फिरवला. "बाई कुठली मिळतीय, म्हनून बोललो व्हतो."

"आता मिळाली. तिला खाली उतरवलंत तर दिवाळी झाली की पोरींच्या शाळंला कुलूप. सायेब सांगून गेलाय."

डब्यातली कुणी बाई पदराआड हसली. ते हसू मालोजीला झोंबलं.

"लागू दे कुलूप! पोरींनी शिकून काय दिवं लावायचं, वयनी? भाताची आवनी करायची, दळायचं, लेकरं वाढवायची. आपल्या आयांनी केलं तेच."

"आपल्या आयांच्या वक्ताला ह्यो डोंगुर आख्खा व्हता." भागूबाईनं घाटाकडं हात केला. "आता त्याच्या पोटातनं गाडी जाती. तुमच्या बापाला ह्ये कुनी सांगितलं असतं, तर त्यानं सांगनाऱ्याचं भूत उतरवायला भगत बोलावला असता. पोरींच्या म्होरं काय काय यायचं हाय, तुमाला ठावं नाय, मला ठावं नाय. मंग त्यास्नी आपल्याच वक्ताची शिदोरी बांधून कसं भागंल? तुमची लेक कोंडीच बघा. परसात राखंवर बोटानं अक्षरं काढती. तुमची खाकर ऐकली की पायानं पुसती."

आपल्या लेकीची ही गोष्ट मालोजीला ठाऊक नव्हती.

तेवढ्यात गाडीला मागून धक्का बसला. घाट चढायला म्हणून कर्जतला गाडीच्या पाठीशी दुसरं इंजिन लावतात, ते लागलं. डब्याडब्यातून हादरा गेला. झेंडीवाला विठू, गावचाच, "चला, चला" करत फलाटावरून आला आणि घरचं भांडण बघून जरा लांबच थांबला.

मालोजीनं गाठोड्यावर पाय रोवला. "गाठोडं पायजे आसंल तर खाली यावं लागंल."

सुंदरानं पहिल्यांदा मान वर केली. "नको मला, मामंजी. अंगावर हाय तेवढ्यात भागवीन." फळी धरलेली बोटं पांढरी पडली होती.

पहाटे दोघींनी वाटेच्या भाकऱ्यांसाठी दळलं, तेव्हा भागूबाईला ओवी आली होती.

घाटाच्या वाटंला काटं गं करवंदीचं

एवढंच आलं, आणि दळण सरलं. दुसरी ओळ काही केल्या जुळेना. आता सुनेच्या त्या बोटांकडं बघताना ती आपली आपण ओठांवर आली.

मन माझ्या सुनंचं मागं नाय फिरायचं

भागूबाई खाली वाकली. मालोजीच्या पायाखाली, गाठोड्यावर, तिनं आपला उघडा तळहात सरकवला.

"दाबा," ती म्हणाली.

थोरल्या वहिनीच्या हातावर पाय! मालोजी इंगळी चावल्यागत मागं सरला. बाळंतपणात आई गेली त्याची; ह्याच हातानं त्याला भरवलं होतं.

शिट्टी झाली. भागूबाईनं गाठोडं डोक्यावर घेतलं, आतल्या फुटक्या पाटीचे तुकडे वाजले. गाडी हलली, तशी ती पायरीवर चढली. सुंदरानं दंडाला धरून तिला आत ओढलं.

"आत्याबाई, तुमी कुठं?"

"गाठोडं पोचवायला."

"आगं भागूकाकू!" विठू झेंडी घेऊन पळत ओरडला. "टिकीट?"

"मागल्या इंजनाला कवा टिकीट इचारलंस रं? त्ये घाट चढवतं न् परत खाली येतं. म्या बी येते."

सगळा डबा हसला. मालोजीला कुठं बघावं कळेना. मग तोही पळू लागला, डब्याच्या बरोबरीनं, धोतराचा सोगा हातात धरून.

"परत ये तर खरी! भावकीतलं एक दार उघडनार नाय तुला!"

भागूबाईनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. वाऱ्यानं पदर उडाला, तो तिनं सावरला नाही.

"येनार तर, भावजी! तुमची कोंडी घाटाखालीच हाय अजून."